लिंबाची फोड आणि पांढरा ओटा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी ओटे बसवतो. स्वयंपाकघरातले ओटे, न्हाणीघराचे उंबरे, खिडक्यांच्या चौकटी, कुणाचं देवघर. भिवंडीत नारपोलीला माझं छोटंसं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, भिंतीला तिरपे टेकवून ठेवलेले दगड, एक कटर आणि पाण्याची टाकी. आजूबाजूला लूमचे कारखाने. त्यांची खटखट चालू असते तोवर आमच्या कटरचा आवाज कुणाच्या कानावर जात नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची कधी तक्रार नाही. माझे वडील अशाच एका कारखान्यात लूम चालवायचे. मी दगडाकडे वळलो तेव्हा ते म्हणाले होते, 'चला, निदान कापूस तरी नाकात जाणार नाही.' नाकात काय जातं ते पुढे सांगेन.

आज मला विषय दिलाय तो घरातल्या संगमरवरी ओट्याची निवड आणि निगा. मी म्हटलं, निवड आणि निगा सांगतो, पण त्याआधी माझी एक चूक सांगू द्या. कारण या विषयातलं जे काही मला कळलं, ते त्या चुकीतून कळलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नारपोलीतच एका नव्या इमारतीत मी ओटा बसवला होता. घरात काकू, त्यांचा मुलगा आणि नवी सून. चाळीतल्या दोन खोल्यांतून ही मंडळी फ्लॅटमध्ये आली होती. काकूंची एकच हौस होती. ओटा पांढरा हवा. दुधासारखा. मी त्यांना दगड दाखवला, त्यांना आवडला, मी कापला, बसवला, चकचकीत पॉलिश करून दिला, पैसे घेतले आणि मोकळा झालो. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी फोन आला. 'दादा, लगेच या.'

गेलो तर घरात बोलणं बंद. काकू एका खोलीत, सून स्वयंपाकघरात डोळे पुसत उभी. काकू बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, 'दादा, तुम्हीच बघा. वीस दिवसांत हिने ओट्याची वाट लावली. किती घासून घेतलं तरी डाग जात नाहीत.' सून काही बोलली नाही. मी वाकून उजेडाच्या बाजूने पाहिलं. सिंकच्या डाव्या हाताला चार-पाच वर्तुळं. मध्ये एक लांबट पट्टा, एखादा ओघळ वाळावा तसा. रंग कसलाच नाही. फक्त तिथली चमक गेलेली. बोटाने चाचपलं तर किंचित खरखरीत लागत होतं.

मी विचारलं, 'वहिनी, इथे काय ठेवता?' त्या म्हणाल्या, 'काही नाही. इथे लिंबू कापते. आणि आगळाची बाटली असते.'

श्रोतेहो, माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या सुनेची चूक नव्हती. काकूंचीही नव्हती. चूक माझी होती. ज्या घरात रोज सोलकढी होते, आमटीत आमसूल पडतं, माशाला चिंच लागते, त्या घरात मी सिंकच्या शेजारी पांढरा संगमरवर बसवून दिला होता आणि एक शब्द बोललो नव्हतो.

आता हे नेमकं काय होतं ते सांगतो. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो, डाग. खरा डाग म्हणजे बाहेरचं काहीतरी दगडात मुरणं. तेल, हळद, चहा, गंज. तो काढता येतो, निदान फिका करता येतो. पण लिंबाने जे होतं तो डाग नाही. तिथे काही चिकटलेलं नसतंच, उलट दगडाचा वरचा पापुद्रा गेलेला असतो. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने चुनखडीचे कण नव्याने जुळले की त्याचा संगमरवर होतो. पानाला लावायचा चुना, तिसऱ्यांच्या शिंपल्या, अंड्याचं कवच, सगळी एकाच गोत्रातली. अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाकून ते विरघळताना शाळेत कुणीतरी दाखवलेलं असतं. लिंबाच्या थेंबाखाली तुमच्या ओट्यावर तेच घडत असतं, फक्त अगदी थोडं. आमच्या धंद्यात म्हणतात, 'पॉलिश उडालं.' ते घासून येत नाही. जितकं घासाल तितका आजूबाजूचा भाग खराब. बिचाऱ्या वहिनी तीन आठवडे तारेच्या घासणीने तेच करत होत्या.

हे ऐकून पुष्कळजण विचारतात, 'मग आमच्या आईच्या ओट्याला काही कसं होत नव्हतं?' होत होतं, फक्त दिसत नव्हतं. आपल्याकडे मुंबई-ठाणे-पुण्याच्या घरांतून पिढ्या वाढल्या त्या कडप्प्याच्या ओट्यावर. आंध्रातून येणारा तो काळा दगड. कडप्पाही चुनखडीच. खाली जमिनीला असायची शहाबादी फरशी, तीही चुनखडी. कोटा म्हणजे राजस्थानातली चुनखडी. या सगळ्यांना लिंबू चावतं. पण कडप्प्याला आरशासारखं पॉलिश कुणी करतच नव्हतं. आई तो दर शनिवारी धुवायची, दिवाळीला त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवायची, की झाला काळाभोर. चमक नव्हती, म्हणून जाण्यासारखं काही नव्हतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. आपल्या आज्यांनी चिंच, आमसूल, कैरी जिच्यावर वाटली ती वस्तू कोणती? पाटा आणि वरवंटा. तो आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा. त्याला आंबट काही करत नाही. भिवंडीच्या आसपास कुठलीही टेकडी खणा, हाच दगड लागतो. म्हणजे आंबट वाटायला काळा पाषाण, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. जमिनीवरचा पाटा ओट्यावर मिक्सर होऊन आला आणि लिंबू कापायची जागा संगमरवरावर आली, तेव्हा हा घोटाळा सुरू झाला.

म्हणून माझ्याकडे कुणी पांढरा ओटा मागायला आलं की आता मी दगड दाखवत नाही. आधी विचारतो, तुमच्याकडे रोज काय शिजतं? गिऱ्हाईक चमकतं. दगडवाल्याला आमच्या जेवणाशी काय करायचंय? पण तिथूनच सुरुवात करायला हवी. आंबट किती, तेल किती, मासे-मटण किती, स्वयंपाक स्वतः करता की बाई येते, घरात लहान मुलं आहेत का. रोज वरण-भात-भाजी करणाऱ्या दोघांच्या घरात संगमरवर वर्षानुवर्षं छान राहतो. बारा माणसांच्या घरात, जिथे पहाटे पाचला पहिला डबा भरतो आणि रात्री अकराला शेवटचं पातेलं घासलं जातं, तिथे नाही राहत. यात दगडाचा अपमान नाही आणि घराचाही नाही.

तरी घ्यायचाच असेल तर कसा घ्यायचा?

पहिलं म्हणजे नावावर जाऊ नका. मकराण्याचा दगड राजस्थानातल्या नागौर भागातला, ज्याचा ताजमहाल झाला, कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल झालं. २०१९मध्ये भूशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने त्याला वारसा दगडांच्या यादीत जागा दिली. दगड उत्तमच. घट्ट विणीचा, पाणी फार कमी पिणारा. पण बाजारात मकराना म्हणून जे मिळतं ते सगळं मकराण्याचं असेलच असं नाही. राजसमंदकडचा राजनगरचा माल वेगळा, त्यातला बराचसा डोलोमाइट जातीचा. त्याला आंबट जरा सावकाश चावतं, पण चावतं. गुजरातमधून अंबाजीचा पांढरा येतो. आणि मग 'इटालियन'. दुकानात इटालियन म्हणून ठेवलेल्या दगडांत इटलीचे असतात तसे तुर्कस्तानचे, ग्रीसचेही असतात. बाहेरून येणारे बरेच दगड ठिसूळ असतात, म्हणून मागच्या बाजूला जाळी आणि राळ लावलेली असते, वरच्या भेगाही राळेने भरलेल्या असतात. यात फसवणूक नाही, ती रीतच आहे. पण दुकानदाराने ते सांगायला हवं आणि तुम्ही विचारायला हवं. आणखी एक, राजस्थानातला तो गर्द हिरवा दगड. हिरवं मार्बल म्हणून विकतात, पण तो जातीने संगमरवरच नव्हे. पाण्याने तो वाकतो. ओल्या जागी घालू नका.

दुसरं म्हणजे तुकडा मागून घ्या. ज्या स्लॅबमधून तुमचा ओटा निघणार, त्याच स्लॅबचा हातभर तुकडा. घरी आणा आणि स्वतः परीक्षा घ्या. एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाव तास थांबा. पुसल्यावर तिथे दगड गडद दिसला तर तो पाणी पितोय, म्हणजे तेलही पिणार. दुसऱ्या कोपऱ्यावर लिंबाचा थेंब. पाच मिनिटांनी पुसा आणि खिडकीकडे तिरपा धरून बघा. चमक गेलेली दिसेलच. आता तो तुकडा आठवडाभर ओट्यावर असू द्या. त्यावर हळदीचा हात लागू द्या, चहाचा कप ठेवा, गरम पातेलं टेकवा. आठ दिवसांनी घरातल्या सगळ्यांनी मिळून तो बघा. जे दिसतंय ते चालणार असेल तर खुशाल घ्या. माझा अनुभव असा की दहातली सहा-सात माणसं तिथेच विचार बदलतात. धंद्याचं नुकसान होत नाही, ती ग्रॅनाइट माझ्याकडूनच घेतात.

तिसरी परीक्षा सुरीची. सुरीचं टोक न दिसणाऱ्या कडेला ओढून बघा. संगमरवरावर रेघ उठते, ग्रॅनाइटवर उठत नाही, उलट सुरीचंच पोलाद दगडावर उमटतं. कुणी संगमरवराच्या भावात वेगळंच काही देतंय का तेही यात कळतं.

स्लॅब नेहमी दिवसाच्या उजेडात आणि उभी करून पाहा, ट्यूबलाइटखाली नाही. नस आणि चीर यातला फरक शिका. नस म्हणजे रंगाची रेघ, ती दगडाची शोभा. चीर म्हणजे भेग. नखाला लागते, पाणी मारलं की आजूबाजूचं वाळलं तरी ती ओली राहते. चीर सिंकच्या किंवा शेगडीच्या जागी येणार असेल तर ती स्लॅब नको. सिंकसाठी दगड कापला की पुढे-मागे चार बोटांची पट्टी उरते, तीच आधी तुटते. म्हणून आम्ही खाली पूर्ण कडप्पा घालतो आणि वर संगमरवर चिकटवतो. काही कंत्राटदार पैसे वाचवायला हा कडप्पा गाळतात. ओटा बसताना स्वतः उभे राहा आणि वाकून खाली बघा, एवढं सांगेन.

आणि पॉलिश. आरशासारखं पॉलिश दुकानात फार सुंदर दिसतं. पण चमक जितकी जास्त, तितका लिंबाचा चट्टा उठून दिसणार. संगमरवरच हवा असेल तर मॅट फिनिश मागा. वरचं घासकाम शेवटच्या नंबरांपर्यंत न नेता आधीच थांबवायचं. दगड रेशमासारखा दिसतो, झळकत नाही. त्यावर चट्टे पडतात, पण एकमेकांत मिसळून जातात. जुना कडप्पा जसा जुना होत गेला तसा हाही होतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सबंध ओटा एकाच दगडाचा असावा हा हट्टच कशाला? सिंक आणि शेगडीकडे काळा ग्रॅनाइट, आणि एका टोकाला दोन-अडीच फुटांचा संगमरवर. संगमरवर हाताला गार लागतो. त्यावर पोळी लाटायला, करंजीची पारी लाटायला, शंकरपाळे कातायला दुसरा दगड नाही. कणकेत आंबट काही नसतं, तूप पुसलं की जातं. जे त्याला जमतं ते त्याला द्या.

आता नाकात काय जातं ते. दगड कोरडा कापला की धूळ उडते. संगमरवराची धूळही चांगली नाहीच. पण ग्रॅनाइटच्या धुळीत गारेचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, दगडाप्रमाणे कमी-जास्त. ती बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. हल्ली जो क्वार्ट्‌झचा ओटा घेतात, राळेत दगडाचा चुरा दाबून केलेला, त्यात हे प्रमाण पारंपरिक मालात नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं. वापरणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही, लिंबूही चावत नाही. फक्त फार गरम कढई थेट ठेवली तर राळेवर डाग उठतो. पण कापणाऱ्याचं काय? ऑस्ट्रेलियात तरुण कारीगर एकामागून एक आजारी पडले आणि १ जुलै २०२४पासून त्या देशाने हा माल बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे राजस्थान सरकारने २०१९मध्ये सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी धोरण आणलं, कारण खाणीत आणि दगडकामात तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मरत होती.

माझ्यासोबत राजस्थानचा एक कारीगर होता. हात असा की सिंकची गोलाई काढावी तर त्यानेच. सतरा-अठरा वर्षं त्याने लोकांच्या घरात, बंद खोलीत, तोंडाला नुसता गमछा बांधून ग्रॅनाइट कोरडा कापला. कोरडाच का? तर घरमालक म्हणायचे, पाणी नको, खालच्या फ्लॅटमध्ये गळेल, भिंती खराब होतील. मीही 'हो' म्हणायचो. चाळिशीच्या आत त्याला जिना चढवेना. आज तो गावी आहे. त्याचा फोन येतो तेव्हा बोलण्यापेक्षा धाप जास्त ऐकू येते.

तेव्हापासून माझ्याकडे कापकाम शेडमध्ये आणि पाण्याखालीच होतं. घरी फक्त बसवायला जातो. एखादी कड कमी करावी लागलीच तर बाल्कनीत, ब्लेडवर पाणी सोडून. तुमच्या घरी कुणी ओटा बसवायला आलं तर कृपा करून 'पाणी वापरू नका' म्हणू नका. बादली तुम्हीच आणून द्या. भिंत पुन्हा रंगवता येते.

आता निगा. दुकानांत मिळणाऱ्या बाटल्यांची मोठी यादी तुम्हाला अपेक्षित असेल तर निराश व्हाल. संगमरवराला लागतं ते एक मऊ फडकं, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साध्या लिक्विडचे दोन थेंब. पुसा आणि लगेच कोरडं करा. बस्स. मात्र काय लावायचं नाही ते नीट ऐका. व्हिनेगर नाही. लिंबाची साल नाही, तांब्याची भांडी घासायला चिंच घेता ती ओट्यावर ठेवायची नाही. संडासात टाकायचं क्लीनर तर अजिबात नाही, त्यात सरळ ॲसिड असतं. तारेची घासणी नाही, घासायची पावडर नाही.

ॲसिडचं मी अनुभवाने सांगतो. शिकाऊ असताना एका घरी नव्या ओट्यावर पांढऱ्या सिमेंटचे थेंब वाळले होते. फरशीवर ॲसिड टाकून सिमेंट काढताना मी मोठ्या मिस्त्रींना पाहिलं होतं. म्हटलं, आपणही काढू. ओतलं, आणि सगळा ओटा सोडावॉटरसारखा फसफसला. पंधरा दिवसांची मजुरी त्यात गेली. मिस्त्री मला काही बोलले नाहीत, फक्त तो ओटा हाताने घासायला लावला. चार दिवस.

दुकानात 'सीलर' मिळतो. चांगला असतो, लावावा. तो दगडाच्या बारीक छिद्रांत जातो आणि तेल-हळद मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही पुसून घेता. पण त्याने लिंबाचा चट्टा थांबत नाही. हे दहा वेळा सांगावं लागतं, कारण 'सीलर लावलाय, आता काही होणार नाही' असं विकणारेच सांगतात. पाण्याच्या थेंबाची परीक्षा मधूनमधून करा. थेंब मुरायला लागला की पुन्हा सीलर लावा. आमच्या नारपोलीत सीलर लावायचा म्हणजे आधी खिडक्या बंद कराव्या लागतात. जवळ लूम असला की कापसाचे तंतू उडत येतात आणि ओल्या ओट्यावर बसतात, मग ओट्याला लव फुटल्यासारखी दिसते.

हळदीचं सांगतो, कारण घाबरून फोन सगळ्यात जास्त येतात ते हळदीचे. हळद सांडली, साबण लावला आणि ओटा लाल झाला! अहो, हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. साबण, सोडा यांनीही तेच होतं. घाबरायचं नाही. पाण्याने धुऊन टाका, लाली जाते, पिवळं उरतं. त्या पिवळ्यावर ऊन येऊ द्या. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. खिडकीजवळचा ओटा चार-आठ दिवसांत आपोआप निवळतो. ऊन येत नसेल तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, त्यात मुलतानी माती कालवून लेप करा, डागावर जाडसर थापा, वर प्लॅस्टिक झाका आणि दुसऱ्या दिवशी काढा. लेपाची ही युक्ती काही माझी नाही. ताजमहालावरचा पिवळेपणा काढायला पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचाच लेप देतं. तेलाचा डाग असेल तर खायच्या सोड्याचा पाण्यातला लेप तसाच रात्रभर ठेवायचा. एकदाने जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

गंजाला मात्र उपाय अवघड, कारण गंज काढायची औषधं बहुतेक आम्लाचीच. म्हणून ओला लोखंडी तवा, कढई, पत्र्याच्या डब्याचं बूड हे सरळ दगडावर टेकवायचं नाही. गरम भांड्याने संगमरवर लगेच तडकत नाही, पण सिंकजवळच्या अरुंद पट्टीवर उकळता कुकर ठेवू नका. आणि एक विनंती. ओट्याच्या कडेवर नारळ फोडू नका. आपल्याकडे ही सवय फार आहे. कडप्पा सहन करायचा. संगमरवराचा टवका उडतो आणि मग आम्हाला बोलावता.

जाता जाता देवघराचंही सांगून टाकतो. संगमरवरी मूर्तीवर पंचामृताचा अभिषेक करता ना? दही आंबट असतं. अभिषेक करा, जरूर करा, पण नंतर पाण्याने नीट धुऊन कोरडी करा. नाकाडोळ्यांची रेघ पुसट झालेल्या कितीतरी मूर्ती मी पाहिल्या आहेत.

आता त्या काकूंच्या घरी परत येतो. त्या रविवारी मी दोघींना ओट्यासमोर उभं केलं. न दिसणाऱ्या मागच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिंबाचा थेंब टाकला. पाच मिनिटं आम्ही तिघं गप्प उभे होतो. पुसला, तर तसाच चट्टा. मी म्हटलं, 'काकू, हे वहिनींनी केलेलं नाही. हे मी केलंय. तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.' काकू कितीतरी वेळ त्या चट्ट्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या. मला वाटलं, पैसे परत मागणार. त्या चहाचं आधण ठेवायला गेल्या होत्या. सुनेला म्हणाल्या, 'तू बस, मी करते.'

सिंककडचा चार फुटांचा भाग मी काढला आणि काळा ग्रॅनाइट घालून दिला. दगडाचे पैसे त्यांनी दिले, मजुरी मी घेतली नाही. उरलेला पांढरा भाग नंबरवार घासून मॅट करून दिला. काकूंना सुरुवातीला तो आवडला नाही. म्हणाल्या, 'चमक गेली की हो.'

गेल्या पावसाळ्यात त्याच इमारतीत काम होतं, म्हणून डोकावलो. पांढऱ्या भागावर काकू भाकरीचं पीठ मळत होत्या. परातीजवळच एक नवं वर्तुळ दिसलं, बाटलीच्या बुडाएवढं. मी काही बोलणार, तेवढ्यात काकूंनीच पिठाचा हात वर केला. म्हणाल्या, 'हिला काही विचारू नका. तो माझा आहे. आगळाची बाटली मीच ठेवली होती.'